मावशींचा वर्ग कसा बंद पडला

मावशींबद्दल लिहायला मी लायक माणूस नाही. अकरा वर्षं दर रविवारी सकाळी मी त्यांच्यासाठी सभागृहाचं दार उघडलं, पण त्यांचं माहेर कुठलं, मूलबाळ होतं का, नवरा वारला की सोडून गेला, यातलं एक अक्षर कधी विचारलं नाही. त्यांना एक धाकटी बहीण आहे, हेसुद्धा त्या गेल्यावर कळलं. लिहायची सवयही नाही. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांनी लिहिलेलं बांधत आलो. पण परवा इथल्या मराठी मंडळाच्या अंकात मावशींचा फोटो आला आणि खाली ‘संस्कारांची अखंड ज्योत’. ज्यांनी फुंकर मारली, त्यांनीच हे छापलं. वाचून तोंडाला कडू पाणी सुटलं. म्हणून जेवढं माहीत आहे तेवढं लिहितो.

मावशी कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसत. पँट आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं, चेन बसवणं, ही कामं. खोलीला खिडकी नव्हती. वाफेचा आणि कसल्याशा औषधाचा वास त्यांच्या स्वेटरला कायमचा चिकटला होता. तोंडात टाचण्या धरून बोलायची इतकी सवय की टाचण्या नसतानाही त्या ओठांच्या एकाच कोपऱ्यातून बोलत. रविवारी दोन तास त्या मुलांना आपल्या महाकाव्यांतल्या गोष्टी सांगायच्या.

सभागृह म्हणजे पहिल्या मजल्यावरची भाड्याची लांब खोली. शनिवारी तिथे कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असे. रविवारी सकाळी चपला फरशीला चिकटत. खुर्च्यांखाली थिजलेलं क्रीम, कागदी कपांत बुडवलेल्या सिगारेटी. मावशी बाह्या वर सारून माझ्याबरोबर फडकं मारत.

“किल्लीकाका, वनवासच आहे हा. निदान पर्णकुटी तरी झाडून घेऊ.”

किल्ली माझ्याकडे, म्हणून मी किल्लीकाका.

मग त्या फरशीवर खडूने एक लांब रेघ मारत आणि गोष्ट सुरू होई. ना पुस्तक, ना चित्रं. गोष्टीत अवघड वळण आलं की थांबायच्या. “उठा. त्याचं बरोबर वाटतं त्यांनी खिडकीकडे, चूक वाटतं त्यांनी दाराकडे.” मुलं धडाधड पळत. आणि मग त्यांचा खाक्या असा, की खिडकीकडच्यांनी दाराकडच्यांची बाजू मांडायची आणि दाराकडच्यांनी खिडकीकडच्यांची. “स्वतःचं म्हणणं तर पोपटही मांडतो,” म्हणायच्या. निकाल मात्र कधीच देत नसत.

“पण मावशी, खरं कोण बरोबर?”

“मोठमोठी माणसं हजारो वर्षं भांडतायत रे, आणि तुला डबा उघडायच्या आत उत्तर हवंय होय?”

एकदा मंडळाने पालकांना वर्ग बघायला बोलावलं. अध्यक्ष पहिल्या रांगेत. ते दातांचे डॉक्टर. बोलतानाही समोरच्याच्या तोंडात बघत. मावशींनी त्या दिवशी गोष्ट काढली ती त्या राजाची, ज्याने एका परटाच्या बोलण्यावरून गरोदर राणीला रानात सोडलं. रेघ मारली. दोन मुलं सोडून सगळा वर्ग दाराकडे. म्हणजे आता त्यांनीच राजाची बाजू मांडायची. अध्यक्षांची नऊ वर्षांची मुलगी पुढे आली.

“राजा वाईट नव्हता,” ती म्हणाली. “लोक काय म्हणतील याची त्याला खूप भीती वाटायची. माझ्या बाबांनापण वाटते. म्हणून ते आईला सगळ्यांसमोर गप्प बस म्हणतात.”

मागच्या रांगा खो-खो हसल्या. डॉक्टर टाळ्या वाजवत होते, पण कानशिलं लाल झाली होती.

चारच दिवसांत बैठक बोलावली. टेबलावर चहाचे कप, बशीत ओली झालेली बिस्किटं. मावशी दुकानातून तशाच आल्या होत्या, मोजपट्टी गळ्यात.

“मुलांना आदर्श शिकवायचे की खटले चालवायचे?” डॉक्टरांनी सुरुवात केली.

चिटणीसबाई म्हणाल्या, “माझा मुलगा घरी येऊन विचारतो, राजाने असं का केलं?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?” मावशींनी विचारलं.

“मी कशाला सांगू? ते तुमचं काम!”

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. “अहो, चालायचंच. परटाच्या दुकानात बसणाऱ्या बाईला परटाचीच बाजू पटायची!”

खोली हसली. मीही हसलो. का हसलो, ते आजही सांगता येणार नाही. सगळे हसले की माझं तोंड आपोआप पसरतं. आपलंच तोंड किळसवाणं वाटावं, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

मावशी म्हणाल्या, “परटाची बाजू कुणीच घेतली नाही, डॉक्टर. एक राजा सोडला तर.”

हसू थांबलं. डॉक्टरांनी बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून कपात पडलं, आणि त्यांनी ते बोटाने बाहेर काढून खाल्लं. मग माझ्याकडे वळले. “किल्लीकाका, तुम्ही दर रविवारी तिथे असता. राजा चुकला असं या शिकवतात की नाही, एवढंच सांगा. तुमच्या शब्दावर ठरवू.”

सांगायचं होतं एकच वाक्य. अहो, त्या काहीच शिकवत नाहीत, त्या विचारतात. जिभेवर होतं. पण माझ्या मनात आलं, ही किल्ली मंडळाची आहे. उद्या यांनी मागितली तर रविवारी मी जाऊ कुठे?

“मी आपला खुर्च्या लावत असतो,” मी म्हणालो. “नीट लक्ष नसतं माझं.”

मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहीवरचा एक दोरा उचलला, बोटाला गुंडाळला आणि उठल्या. वर्ग दुसऱ्यांकडे गेला.

पुढच्या रविवारपासून तिथे पडदा आणि प्रोजेक्टर. शंभर प्रश्नांची छापील यादी, पाठ करून यायची. वर्षअखेरीला स्पर्धा ठेवली. पोरांना कापसाच्या दाढ्या डिंकाने चिकटवलेल्या. घामाने डिंक ओघळून गळ्यापर्यंत आलेला. एकाच्या हनुवटीवर पुरळ उठलं होतं आणि त्याची आई त्याचा हात दाबून धरत होती, “खाजवू नकोस, फोटो काढायचाय.” घंटा वाजे, कुणीतरी ओरडे, “चौदा वर्षं!”, टाळ्या. डॉक्टर प्रत्येकाचा गाल चिमटीत धरून पदक घालत होते. त्यांच्या मुलीची पाळी आली. तिने डोळे मिटून एका दमात म्हटलं, “आदर्श पुत्र आदर्श पती आदर्श राजा,” आणि डोळे उघडून आधी बापाकडे पाहिलं. पहिलं बक्षीस तिलाच. मी उठून संडास धुवायला गेलो. तिथली घाण निदान पाण्याने जात होती.

मंडळाने किल्ली काही मागितली नाही. अजून माझ्याचकडे आहे. खिशात जड लागते.

मावशींच्या दुकानाच्या रस्त्याने जाणं मी सोडलं. पँटची शिवण उसवली तर सेफ्टी पिन लावून फिरलो. आठ महिन्यांनी दवाखान्यात अचानक दिसल्या. बाकावर शेजारची जागा रिकामी होती, म्हणून बसावं लागलं. फारच वाळल्या होत्या. काय बोलायचं ते मी आठ महिने घोकलं होतं, ‘मावशी, त्या दिवशी मी खोटं बोललो,’ एवढंच. तोंड उघडलं.

“मावशी,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या कोटाकडे बघितलं. “दुसरं बटण लोंबतंय तुमचं.”

“हो का?”

“आत्ताच तोडून खिशात ठेवा. हरवलं तर जोडीचं मिळत नाही.”

मी तोडलं. “ठेवलं.”

“घरी कुणी लावून देणारं आहे का?”

“नाही. मीच लावीन.”

“मग दोरा दुहेरी घ्या,” त्या म्हणाल्या. आतून त्यांचा नंबर पुकारला. “आणि दिवसा उजेडी लावा.”

“बरं,” मी म्हणालो.