आम्ही न केलेली सहल

मी संगमनेरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये काम करते. बावीस वर्षं झाली. वाचकांचे गूढ अनुभव छापणाऱ्या अशा सदरांमधले किस्से मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही सगळे पोट धरून हसायचो. भास, योगायोग, नाहीतर बनवाबनवी... माझ्याकडे तीनच खोके होते, आणि सगळं त्यातल्या एकात बसायचंच. आज मीच लिहितेय. तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

माझा मोठा भाऊ पुणतांब्याला राहायचा. पेरूची बाग, घरापासून रूळ हाकेच्या अंतरावर. जन्मभर दादानं येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघितल्या, पण त्याला हवी होती ती एकच — माथेरानची मिनी ट्रेन. शाळेची सहल गेली तेव्हा त्याला गोवर निघाला होता. मग ते राहिलं ते राहिलंच.

गेल्या वर्षी त्याचा खोकला थांबेना. फुफ्फुसं कडक होत जाण्याचा आजार निघाला. नाशिकच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काय करायचं राहिलं असेल ते आत्ता करून घ्या."

म्हणून मी प्लॅन करायला घेतला. दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की निघायचं. माळशेजमार्गे नेरळ, तिथून मिनी ट्रेननं वर, एक मुक्काम. येताना घोटीवरून भंडारदऱ्याला वळायचं आणि धरणाच्या काठी तंबूत राहायचं. छोटा ऑक्सिजन सिलिंडर बरोबर ठेवायचा, या अटीवर डॉक्टर हो म्हणाले होते.

वहिनीला ते पटत नव्हतं. "वन्सं, ह्यांना पडवीतला गारठा सोसत न्हाई, अन् तुमी तंबूत झोपवनार?"

"मरायचं तर तंबूत मरू की," दादा म्हणाला आणि हसता हसता त्याला इतकी उबळ आली, की वहिनी पाणी आणायला पळाली.

त्या रविवारी दुपारी मी पुणतांब्यालाच होते. दादा समोर बाजेवर पेपर वाचत बसलेला. तंबूवाल्याचा नंबर मला एका सहकाऱ्याने दिला होता. सोमनाथ नाव, भंडारदऱ्याच्या काठच्या मुरशेत गावचा. मी फोन लावला. म्हटलं, मी संगमनेरची, पुणतांब्याचा भाऊ बरोबर आहे, दोघांसाठी तंबू हवाय.

"ताई, परत येताय का?" तो एकदम खुशीत म्हणाला. "आत्ता गुरवारी तर येऊन गेले तुमी!"

मी म्हटलं, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय.

"घोटाळा कसा? तुमी अन् तुमचे दादा. पेरूची बाग हाय ना त्यांची? सकाळभर त्या माथेरानच्या गाडीचंच सांगत हुते. बरं झालं फोन केला, त्यांचा चष्मा राहिलाय माझ्याकडं. थांबा, फोटो टाकतो."

फोटो आला. काळ्या फ्रेमचा चष्मा, डावी काडी तांब्याच्या तारेनं गुंडाळलेली. मोटारीच्या वाइंडिंगची तार, दादानं स्वतः बांधलेली. मी मान वर केली. तोच चष्मा लावून दादा माझ्यासमोर पेपर वाचत होता.

त्या गुरुवारी मी दिवसभर प्रॅक्टिकल्स घेत होते, मस्टरवर सह्या आहेत. दादा कोपरगावच्या दवाखान्यात वाफ घेत होता.

"काय म्हन्तोय?" दादानं विचारलं.

मी सांगायला नको होतं. पण मला तेव्हा तो मस्करीचा विषय वाटला — कुणीतरी फोटोत काहीतरी करून पाठवलंय, असंच. मी हसत हसत सगळं सांगितलं. दादा हसला नाही. माझ्या हातातून मोबाईल घेऊन त्यानं फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाला, "तिथं मला खोकला हुता का?"

"काय विचारतोस तू पण!"

"इचार ना, शैले, त्याला."

मी मेसेज केला. उत्तर आलं — नाही. सरपणाची मोळी त्यांनीच उचलून आणली.

दादानं पेपराची घडी घातली. "मंग झाली म्हन की आपली सहल."

त्यानंतर त्यानं जायचं नावच काढलं नाही. बॅग भरायला घेतली तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे." एकच हट्ट धरला. त्या मानसाला फोन लावून दे, मला ऐकायचंय गाडी कशी हुती. दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा तर हात जोडले. मी चिडले, फोन काही लावून दिला नाही. म्हटलं, दादा, तो कुणीतरी फसवणारा माणूस आहे, तू त्याच्या नादी लागून खरी ट्रिप घालवतोयस. ठरल्या दिवशी निघायचं म्हणजे निघायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

ठरल्या दिवसाच्या नऊ दिवस आधी, सकाळी चहा घेताना दादा गेला.

दहावं-तेरावं उरकल्यावर मी एकटी मुरशेतला गेले. भांडायलाच गेले होते, खरं सांगते. सोमनाथ पस्तिशीचा, साधा माणूस. मला लांबूनच बघून म्हणाला, "या ताई. दादा न्हाई आले?" मी मोबाईलमधला दादाचा फोटो दाखवला. "हेच की," म्हणाला. दादा गेल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी खोटं नव्हतं.

त्यानं चष्मा आणून दिला. दादाचा घरचा चष्मा वहिनीकडे आहे. संगमनेरच्या चष्मेवाल्याकडे मी दोन्ही नेले. नंबर एक, काचेवरचा ओरखडा एकाच जागी. "दुसरा मुद्दाम असा करून घेतला का?" त्यानं विचारलं. मी दोन्ही चष्मे पर्समध्ये टाकले.

पण त्या दिवशी मुरशेतहून निघताना मी सोमनाथला म्हटलं, दादा गाडीचं काय सांगत होता ते मला सांगा. त्यानं आठवून आठवून सांगितलं. गाडी इतकी हळू, की शेजारनं चालणारा माणूस पुढं निघून गेला. खिडकीतून हात बाहेर काढला तर झाडाची पानं हाताला लागली. आणि एका वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन समोर दिसलं, तेव्हा म्हणे आम्ही दोघं लहान पोरांसारखे ओरडलो.

"तुमी लई हसत हुता, ताई," तो म्हणाला.

मला त्यातलं काहीच आठवत नाही. आठवायला मी तिथे होते कुठे? कुणीतरी माझा चेहरा घेऊन माझ्या भावाबरोबर ती सकाळ घालवून गेलं. कोण, कसं, का... माझ्या तीन खोक्यांत हे बसत नाही. वर्ष होत आलं, मी बसवायचा प्रयत्नही सोडून दिलाय.

वहिनीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. एकच गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. सोमनाथला ते सगळं सांगायला जेमतेम वीस मिनिटं लागली होती. दादाला तेवढंच हवं होतं.