बर्फाचे टायर

ती गाडी घरी आली तेव्हा तिला ओवाळायला मी खाली गेले नाही. दोनच दारं, मागच्या सीटवर दुधी भोपळासुद्धा धड आडवा बसणार नाही, आणि सुरू केली की बेसमेंटमधला शेजाऱ्यांचा ड्रायव्हर दचकून उठायचा. अशा गाडीला काय ओवाळायचं? नवऱ्याने अबुधाबीत आल्यापासून पांढऱ्या, साध्या, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या गाड्या चालवल्या आणि पन्नाशी उलटल्यावर त्याला एकदम ही अवदसा आठवली. मूळची कॅनडातली गाडी, तिथून बोटीने इथे आलेली आणि मग एका शौकीन माणसाने बरेच महिने गॅरेजात झाकून ठेवलेली. पासिंग झालेली होती. त्या वेळी तिला कोणते टायर होते देव जाणे.

"हौसेला मोल नसतं," नवरा म्हणाला.

"हौसेला अक्कलही नसते," मी म्हटलं, आणि तो विषय तिथे संपला असं मला वाटलं.

पण खरी गंमत पुढेच होती. आमची लेक इथेच वाढली, इथेच शिकली आणि नुकतीच दुबईत नोकरीला लागली होती. रोज सकाळी अबुधाबीहून दुबई, संध्याकाळी परत. तिची छोटी गाडी हायवेवर थरथरते म्हणून बापाने मोठ्या मनाने जाहीर केलं, "दसऱ्याला पूजा झाली की तू ही घेऊन जात जा. इंजिन दमदार आहे, ब्रेक दमदार आहेत." लेक त्याच्या गळ्यात पडली. मला कुणी विचारलं नाही.

मला गाडीच्या किमतीची काळजी नव्हती, दिसण्याची नव्हती, आवाजाचीसुद्धा नव्हती. तो रस्ता मला माहीत आहे. सरळ, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना वाळू, आणि प्रत्येक माणूस आपल्या मागे वाघ लागल्यासारखा पळतोय. त्यात आमची एकुलती एक मुलगी आणि तिच्या पायाखाली एवढी ताकद. ती रोज संध्याकाळी धडपणे घरी येईल ना, एवढाच माझा प्रश्न होता.

दसऱ्याला इथे सुट्टी नसते. ऑफिसं सुटल्यावर आमचा दसरा सुरू होतो. मल्याळी फुलवाल्याकडून झेंडू आणायचे, दारापुरतं तोरण करायचं, आणि बेसमेंटमध्ये डाग पडले की वॉचमन कुरकुरतो म्हणून नारळ घरीच ओट्यावर फोडून वाटीत घालून खाली न्यायचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या गाडीजवळ मनापासून गेले. राग माणसांवर होता, पूजेवर नव्हता. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मग टायरांना हळदकुंकू लावायला मी खाली वाकले.

बेसमेंटचे दिवे जरा कुणी हललं नाही की आपोआप विझतात. तसे ते विझले. नवऱ्याने मोबाइलची बॅटरी लावली आणि उजेड नेमका टायरच्या कडेवर पडला. तिथे एक छोटंसं चित्र होतं. तीन टोकांचा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाचं फूल, आमच्या फ्रीजच्या बटणावर असतं तसं.

"अरे, हे काय आहे?" मी विचारलं.

"डिझाइन असेल. लाव तू कुंकू."

मी दुसऱ्या टायरकडे गेले. तिथेही तेच. लेक माझ्या शेजारी उकिडवी बसली, तिने फोटो काढला, फोनवर काहीतरी शोधलं आणि हळूच म्हणाली, "ओ माय गॉड. बाबा, दीज आर विंटर टायर्स. लाइक, फॉर स्नो."

माझा नवरा इंजिनिअर आहे. तेलाच्या पाइपलाइनमध्ये कुठे किती दाब असावा हे तो झोपेतसुद्धा सांगेल. त्या माणसाने शांतपणे विचारलं, "मग काय बिघडलं? बर्फात चालतात तर इथे का नाही चालणार? उलट मजबूत असतील. आणि नक्षी बघ केवढी शिल्लक आहे! इतके चांगले टायर कोण टाकतं?"

नक्षी शिल्लक आहे! आमच्या लोकांचं सगळं घोडं इथेच पेंड खातं. साबणाची चिपटी नव्या साबणाला चिकटवणारी आणि टूथपेस्टची ट्यूब लाटण्याने लाटणारी माणसं आम्ही. गाडी घेताना याने टायर पाहिले नव्हते असं नाही. खाली बसून, नक्षीत बोट घालून, खोली पाहून खूश झाला होता. मला बोलावूनही दाखवलं होतं. आमच्या घराण्यात टायर एकाच कारणाने बदलतात, झिजले म्हणून. न झिजलेला टायरही चुकीचा असू शकतो ही कल्पना त्याच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं.

"बाबा, द रबर इज सॉफ्ट," लेक म्हणाली. "थंडीतही मऊ राहावं म्हणून. इथल्या हीटमध्ये इट विल गो मुशी, एकदम लिबलिबीत. तुम्ही ब्रेक माराल, अँड इट विल जस्ट कीप गोइंग."

"कीप गोइंग म्हणजे किती पुढे?" मी विचारलं.

तिने खांदे उडवले. माझी पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हीच गाडी घेऊन दुबईला निघणार होती.

"गाडी इथून हलणार नाही," मी जाहीर केलं.

"अगं, पण चाकांखाली लिंबं आहेत! पूजा करून गाडी जागेवरच ठेवायची? सणाच्या दिवशी?"

एरवी देवघरासमोर दोन मिनिटं न बसणारा हा माणूस लिंबांसाठी हळवा झाला. बेसमेंटमध्ये आमची चांगलीच जुंपली. दिवे आमच्या हातवाऱ्यांनी लागत होते आणि आम्ही दमून गप्प झालो की विझत होते. शेवटी लेकीनेच तोडगा काढला. तिने गाडी हातभर पुढे घेतली, लिंबं फुटली, आणि हातभर मागे घेऊन बंद केली. एवढीशी फेरी दसऱ्याच्या दिवशी कुठल्या गाडीने मारली नसेल. मी किल्ली काढून पर्समध्ये टाकली. लेक दुसऱ्या दिवशी आपल्या छोट्या थरथरत्या गाडीने गेली, आणि त्या थरथरीबद्दल मला पहिल्यांदाच माया वाटली.

तो आठवडा नवऱ्याने तोंड पाडून काढला. तरी हार मानेना. मराठी मंडळींच्या ग्रुपवर त्याने टाकलं की चार विंटर टायर उत्तम स्थितीत आहेत, थंड देशात जाणाऱ्यांनी संपर्क साधावा. लोकांनी हसण्याच्या चित्रांची रांग लावली. एकाने विचारलं, महाबळेश्वरला चालतील का? नवऱ्याने त्यालाही गंभीरपणे उत्तर दिलं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं मुसफ्फाला, शहराबाहेरच्या गॅरेजांच्या वस्तीत, निघालो. गाडी नवरा चालवत होता आणि मी शेजारी बसून वेगाच्या काट्यावर नजर ठेवून होते. आम्ही इतक्या हळू जात होतो की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून दमले. एक पाण्याचा टँकर आम्हाला ओलांडून गेला तेव्हा नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं दुःख बघवत नव्हतं. एवढी दमदार गाडी आणि तिला टँकर मागे टाकतोय.

टायरचं दुकान म्हणजे छताला भिडलेल्या काळ्या टायरांच्या थप्प्या, रबराचा वास आणि एका कोपऱ्यात गरगरणारा पंखा. दुकानदार हैदराबादचा होता. आमचे टायर पाहून तो आधी मनसोक्त हसला. मग आम्हाला गार पाणी दिलं.

"दो बदल दो, पीछे के," नवऱ्याने सुरुवात केली. "आगे के बाद में देखेंगे."

"बाबा, नो!" लेक ओरडली. पुढे बर्फाचे आणि मागे उन्हाळ्याचे टायर लावले तर गाडीची मान एकीकडे आणि धड दुसरीकडे जाईल, असं तिने त्याला दोन्ही भाषांत समजावलं. चारही घ्यायचे ठरले. त्यातही या गाडीचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद. म्हणजे एकाच मापाचे चार उचलले आणि निघालो असं नव्हतं.

दुकानदाराने तीन प्रकार पुढे केले. एक कडक रबराचा, वर्षानुवर्षं झिजणार नाही असा. नवऱ्याचा हात आपोआप त्याच्याकडे गेला. दुसरा जवळजवळ गुळगुळीत, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसला. लेकीचे डोळे चमकले. तिसरा मधला, त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. बापलेकींचा वाद सुरू झाला. हा म्हणे टिकाऊ, ती म्हणे ग्रिप. हा मनातल्या मनात दिरहॅमचे रुपये करत होता, ओठ हलत होते. ती म्हणे, "बाबा, ही स्पोर्ट्स कार आहे, तुमची ऑफिसची बस नाही."

मी दुकानदाराला विचारलं, "भैया, ये बताओ, ब्रेक मारने पर सबसे जल्दी कौन सा रुकता है?"

"सब रुकते हैं मॅडम," तो हसून म्हणाला.

"सब रुकते हैं तो तीन-तीन क्यों रखे हैं?" माझा पारा चढला. "मेरी बेटी रोज दुबई जाती है. टायर कितने साल चलेगा, मुझे नहीं पूछना. सामनेवाला अचानक रुका तो ये रुकेगी या नहीं, इतना बोलो. गर्मी में भी, और बारिश आई तो भी."

त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. कडकवाला टिकतो, पण थांबायला वेळ घेतो. शर्यतवाला कोरड्या रस्त्यावर मस्त, पण वर्षातून चारदा का होईना पाऊस पडला की घसरणार. मधला लवकर झिजेल, पण दोन्हीकडे थांबेल, असं तो म्हणाला.

"खलास. हाच," मी म्हटलं.

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांना एकाच वेळी हरलेलं पाहून मला फार बरं वाटलं. नवऱ्याने मात्र एक काम चोख केलं. चष्मा कपाळावर सरकवून त्याने प्रत्येक टायरच्या कडेवरचे आकडे वाचून तो कधी बनला ते पाहिलं आणि त्यातले दोन परत पाठवले. "जुना माल आहे. ताजा काढा," म्हणाला. भाजी निवडताना असतो तसा हट्ट, पण त्या दिवशी मला तो आवडला.

बर्फाचे टायर तिथेच राहिले. निघताना नवऱ्याने एकावर हात फिरवला आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. सुरुवातीला जपून चालवा, नव्या रबराला थोडा रस्ता खाऊ द्या, असं दुकानदाराने बजावलं होतं आणि लेकीने ते पाळलं. सोमवारी ती त्या गाडीने दुबईला गेली. संध्याकाळी आली. मंगळवारी गेली, आली. हळूहळू मी गॅलरीत जाऊन उभं राहणं बंद केलं, पण खालून त्या गाडीचा आवाज आल्याशिवाय पानं काही घेत नव्हते.

दिवाळीच्या आधी आम्ही तिघं खरेदीला दुबईला निघालो. लेक चालवत होती, मी शेजारी आणि नवरा मागे गुडघे हनुवटीला लावून स्वतःच्या हौसेची किंमत मोजत होता. "आई, सी? वन-ट्वेंटी. त्याच्या वर जात नाहीये मी," लेक म्हणाली, आणि मी काहीतरी खोचक बोलणार तेवढ्यात एक गाडी सोडून पुढे असलेल्या पिकअपवरून प्लायवूडचा एक मोठा तक्ता वाऱ्याने उचलला गेला, हवेत उलटा झाला आणि रस्त्यावर आपटला. आमच्या पुढची गाडी तिथेच गच्च थांबली. डावीकडे बस होती, उजवीकडे ट्रक.

मी डोळे मिटले नाहीत. मिटायलाही वेळ लागतो. पट्ट्याने मला खेचून धरलं, मागून नवऱ्याचा "अगं!" ऐकू आला, पुढच्या गाडीचे लाल दिवे मोठे मोठे होत आमच्या काचेत भरले. आणि आमची गाडी थांबली. सरळ, न घसरता, न डगमगता. पुढच्या गाडीची नंबरप्लेट मला स्पष्ट वाचता येत होती. मागचे सगळेही कसेबसे थांबले. मग पुढची गाडी तक्त्याला वळसा घालून निघून गेली.

माझा जीव भांड्यात पडला म्हणजे नेमकं काय होतं ते मला त्या क्षणी कळलं. हातपाय गार आणि डोळ्यांत नुसतं पाणी. थांबली, थांबली, एवढंच मी मनात म्हणत होते. मागून नवरा कुजबुजला, "ते जुने असते तर..." आणि त्याने वाक्य सोडून दिलं. एवढ्या महिन्यांत त्याने शहाण्यासारखं केलेलं ते दुसरं काम.

मग मला जाणवलं की माझ्या छातीवर काहीतरी दाबून धरलंय. लेकीचा उजवा हात. ब्रेक मारता मारता तो स्टिअरिंग सोडून माझ्यापुढे आडवा आला होता, ती लहान असताना मी तिच्यापुढे धरायचे तसा. तिला कुणी शिकवलं नव्हतं. हात जागचा हलत नव्हता.

"आई, यू ओके?" तिने विचारलं. नजर अजून रस्त्यावरच होती.

"ओके आहे मी," मी म्हटलं. "हात स्टिअरिंगवर ठेव आधी."

तिने ठेवला.