बसमध्ये सांगितलेला ओटीपी

माझा राग संगणकावर नाही, हे आधीच लिहून ठेवतो. घरी आलेले पाहुणे अजूनही माझी समजूत काढतात, मशीनच चुकलं असेल म्हणतात. मशीन चुकलं नव्हतं. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्याने बरोबर सांगितलं. पुढचं माणसांनी सांगायचं होतं, आणि तिथे खोटेपणा झाला.

माझी बायको एका खाजगी संस्थेच्या शाळेत दहावीला गणित शिकवते. शाळा सौंसरच्या पुढे, रामाकोन्याच्या वाटेवर, आणि आमचं घर पांढुर्ण्यात. रोज दोन बस बदलून जाते आणि तशीच परत येते. मी इथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. संस्थेच्या बऱ्याच शाळा आहेत आणि मुख्य कार्यालय आमच्याच गावात आहे. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

दहावीच्या सराव परीक्षेचा पेपर संस्था सगळ्या शाळांसाठी एकच काढते. पूर्वी सीलबंद पाकिटं जायची. आता पेपर संगणकावरून येतो. प्रत्येक शाळेत एकाला परीक्षाप्रमुख करतात, त्याला आयडी देतात, ती शाळेच्या संगणकावर भरलेलीच असते, आणि पेपर उतरवताना, म्हणजे डाउनलोड करताना, त्याच्या फोनवर ओटीपी येतो. आमच्या शाळेत हे काम बायकोकडे आलं, कारण बाकी कोणी हात वर केला नाही. या कामाचा वेगळा पगार नसतो.

संस्थेने एक गोष्ट खरंच चांगली केली होती. प्रत्येक शाळेला जाणाऱ्या पेपरवर एक न दिसणारी खूण टाकली होती. नोट उजेडात धरली की चित्र दिसतं, तसाच हा वॉटरमार्क, पण हा उजेडातही दिसत नाही. अक्षरांच्या मागे इतके फिके ठिपके की डोळ्याला पान कोरंच वाटतं. पान छापलं, त्याचा फोटो काढला, तो दहा जणांनी पुढे पाठवला, तरी ठिपके बऱ्यापैकी टिकतात आणि पेपर कोणत्या आयडीने कधी उतरवला ते सांगतात. हे मला पुढे कळलं. कळलं तेव्हा मी मनातल्या मनात बनवणाऱ्याचं कौतुकही केलं.

गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती घरी परत येत होती. बस सौंसरहून निघाली होती आणि तिला खिडकीजवळची जागा मिळाली होती. प्राचार्यांचा फोन आला.

"मॅडम, ओटीपी आला असन. सांगा बरं."

"सर, मी बसमधी आहो. उद्या सकाळी येऊन मीच उतरवतो ना."

"उद्या लाइट राहीन का नाही कोणाले माहीत. सगळ्या शाळेत असंच करून राहिले. आकडेच त सांगाचे आहेत."

तिने आकडे सांगितले. बसमध्ये फोनवर हळू बोलून कोणाला ऐकू जात नाही, म्हणून जोरात सांगितले, आणि दोनदा. कंडक्टर म्हणाला, "ताई, लॉटरीचा नंबर असन त आमालेही सांगा." लोक हसले. तीही हसली. घरी आल्यावर तिने मला हे हसत सांगितलं आणि मीही हसलो. वरिष्ठाने आकडे मागितले की आपल्याकडे देतात. न देणारा माणूस आखडू म्हणून ओळखला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांनी तिला छापलेल्या पेपरांचा गठ्ठा दिला आणि सांगितलं, "आपला प्रिंटर मेला होता. बसस्टँडजवळच्या दुकानात पेपर पाठवला व्हॉट्सअॅपवर अन् तिथूनच काढून आणला." तिला ते खटकलं, पण परीक्षेची घंटा झाली होती. दुपारपर्यंत कळलं की रात्रीच तो पेपर सौंसरच्या शिकवणी वर्गांच्या ग्रुपवर फिरत होता. परीक्षा रद्द झाली.

संस्थेने नागपूरहून सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं. त्याने फिरणारा फोटो संगणकात टाकला आणि सगळ्या परीक्षाप्रमुखांच्या देखत शाळेचा क्रमांक आणि आयडी पडद्यावर आला. आयडी माझ्या बायकोची होती. तिला त्याच दिवशी मुख्य कार्यालयात अटॅच केलं. हा शब्द आमच्या भागात लहान मुलालाही कळतो. काढून टाकत नाहीत, पगार बंद होत नाही, काम मात्र काढून घेतात आणि एका खुर्चीवर बसवतात. सकाळी सही करायची, संध्याकाळी सही करायची, मधल्या वेळात येणारे-जाणारे बघतात.

शेजारणी अभिनंदन करायला आल्या. "बरं झालं ना बाई, घराजवळ आली. बसचा खर्च वाचला." एकीने तर तिच्या सुनेला अशी बदली कशी मिळेल ते विचारलं. माझ्या तोंडात आलेली शिवी मी गिळली, कारण शेजारीण वयाने मोठी होती.

बायकोला खुर्चीचं दुःख नव्हतं. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. तिच्या दहावीच्या वर्गाचा अभ्यास अर्धा राहिला होता. प्राचार्यांनी तिचा गणिताचा तास खेळाच्या सरांकडे दिला होता, आणि खेळाचे सर मुलांना सांगत होते की भूमितीवर फार वेळ घालवू नका, पाठ करा. मुली तिला फोन करून प्रमेयं विचारायच्या. ती कार्यालयाच्या जिन्यात उभी राहून आकृती शब्दांत सांगायची. आकृती शब्दांत सांगून पाहा म्हणजे कळेल.

चौकशीच्या दिवशी मी सोबत गेलो. संस्थेच्या सचिवांनी मला बाहेर बसवलं नाही, तेवढी सभ्यता दाखवली. खोलीत सचिव, प्राचार्य, सॉफ्टवेअरवाला आणि आम्ही दोघं होतो.

मी सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं, "पेपर उतरवल्याची वेळ काय निघते?"

त्याने वेळ सांगितली. संध्याकाळची, तिच्या बसची वेळ.

"म्हणजे हिच्या आयडीने पेपर उतरला तेव्हा ही रस्त्यावर होती."

"असू शकते," तो म्हणाला. "खूण आयडी सांगते साहेब. माणूस नाही सांगत."

मला वाटलं, संपलं. एवढं स्पष्ट बोलणारा माणूस मिळाला म्हणून मी खुश झालो. आमच्या जिनिंगमधून निघणाऱ्या, दाबून बांधलेल्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि नंबर असतो. वाटेत ट्रकमधून गाठ फोडून कोणी कापूस काढला तर त्या नंबरावरून गाठ कोणाची ते कळतं, फोडली कोणी ते कळत नाही. त्यासाठी ट्रक कोणाच्या ताब्यात होता ते विचारावं लागतं. हे मी सचिवांना याच शब्दांत सांगितलं.

सचिव म्हणाले, "भाऊ, तुमचं जिनिंग वेगळं अन् शाळा वेगळी. मॅडम, ओटीपी कोणाच्या फोनवर आला?"

"माह्या."

"कोणाले दिला?"

"सरांनी मागितला. त्याईले दिला."

प्राचार्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते सचिवांना म्हणाले, "फोन केला होता मी, नाही म्हणत नाही. बस भेटली का, एवढंच विचारलं. बाईमाणूस एकटी जाते येते, काळजी वाटते."

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलो नाही. फोन झाल्याचं मोबाइल कंपनीच्या नोंदीत होतंच, म्हणून फोन नाकारला नाही. बोलणं काय झालं त्याची नोंद नव्हती, म्हणून तिथे काळजी भरली. प्रिंटर बिघडल्याचं, दुकानात पाठवल्याचं त्यांनीच सांगितलं होतं, तेही आता कोणाला आठवत नव्हतं. मी म्हणालो, यांचा फोन तपासा, दुकानदाराला कोणाकडून पेपर आला ते पाहा. सचिव म्हणाले, "प्राचार्याचा फोन तपासाचा म्हणजे शाळेची इज्जत बाजारात मांडाची."

त्यामागचं कारण सरळ होतं. हे प्राचार्य दरवर्षी गावोगाव फिरून शाळेत पोरं आणतात. ते रागावून दुसऱ्या शाळेत गेले तर निम्मा वर्ग त्यांच्यामागे जाईल. माझ्या बायकोमागे कोण जाणार? प्रमेयं विचारणाऱ्या चार मुली.

मी बसस्टँडवर जाऊन त्या कंडक्टरला गाठलं. त्याला सगळं आठवत होतं. "आकडे सांगितले ना वहिनीनं, दोन खेप. 'सर, सर' करूनच बोलत होत्या." मग लगेच म्हणाला, "पण भाऊ, मले पेशीत-चौकशीत नका ओढू. त्या शाळेची पोरं माह्या बसनं येतात. बिनपासच्या पोराइले बी बसू देतो मी, ते वरपर्यंत नेईन तो प्राचार्य." त्याच्यावर मी चिडलो, पण खरं सांगायचं तर तो माझ्यासारखाच पोटाला भिणारा माणूस होता.

काही दिवसांनी संस्थेचा अहवाल आला. त्यात आयडी होती. वेळ नव्हती. 'खूण माणूस सांगत नाही' हे तर नव्हतंच. मी नागपूरच्या त्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, त्याने वेळ लिहून दिली होती, अहवाल त्याने बनवला नाही. तेवढं लिहून दे म्हटलं तर म्हणाला, "बिल पास व्हायचं बाकी आहे."

अहवालासोबत एक टाइप केलेला कागद होता. सचिवांनी बायकोला बोलावून समजावलं. कागदावर, आमच्या भागातल्या कार्यालयांत चालते त्या हिंदीत, लिहिलं होतं की प्रश्नपत्रिका मी स्वतः उतरवली, बाहेरून छापून घेताना माझ्याकडून निष्काळजीपणा झाला, यात अन्य कोणाचाही संबंध नाही. यावर सही केली की ताकीद देऊन सोमवारपासून शाळेत. नाही केली तर चौकशी चालू राहील, आणि चौकशी कधी संपते ते आमच्याकडे कोणालाच ठाऊक नसतं.

ती तो कागद घरी घेऊन आली. मी वाचला आणि ताटावरून उठलो.

"यात एकही गोष्ट खरी नाही," मी म्हणालो. "ओटीपी दिला, ती तुझी चूक. ती लिही, त्यावर सही कर. बाकीच्यावर करायची नाही."

"मी तसं लिहून नेलं होतं. त्यायनं घेतलं नाही. हेच पाहिजे म्हणते."

"मग नाही करायची. मी वकील करतो."

"वकील करा. पण तवरोक बोर्ड होऊन जाईन."

"होऊ दे."

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "तुमाले बरोबर राहाचं हाय. मले वर्गात जाचं हाय. पोरींनी काय पाठ करून पेपर द्याचा का?"

"उद्या तुझ्या फाइलीत हे आयुष्यभर राहील. लोक म्हणतील, पेपर हिनेच फोडला."

"लोक आताही तेच म्हणून राहिले. आता खुर्चीवर बसून ऐकतो, मंग शिकवता शिकवता ऐकीन."

मी तिच्यावर ओरडलो. तिचं म्हणणं मला कळत होतं म्हणून जास्त ओरडलो. जिने आयुष्यात मुलांचा अर्धा गुणही इकडचा तिकडे केला नाही, तिला खोट्याखाली सही करायला लावणारे लोक तिथे कार्यालयात चहा पीत होते, आणि माझ्या आवाजाच्या टप्प्यात तीच एकटी होती.

तिने सही केली. मी सोबत गेलो नाही.

पेपर फुटल्यापासून संस्थेला कागदांच्या सुरक्षेची फार हौस आली आहे. आता त्यांचं प्रत्येक पत्र डिजिटल सहीचं असतं, मागे फिकं बोधचिन्ह, कोपऱ्यात चौकोनी कोड. ताकीदपत्रही तसंच आलं, तिचा सही केलेला कबुलीजबाब आत घेऊन, तिच्या फोनवर, रविवारी, स्वयंपाकाच्या वेळी. मी तो कोड माझ्या फोनने वाचला. हिरवी खूण आली. खाली लिहून आलं की हा दस्तऐवज अस्सल आहे आणि यात कोणताही फेरफार झालेला नाही. ज्या कागदातला अख्खा कबुलीजबाब खोटा होता, त्याच्या अस्सलपणाची एवढी पक्की व्यवस्था मी आमच्या भागात दुसरी पाहिलेली नाही.

ती पोळ्या लाटत होती. "काय म्हणते?" तिने न वळता विचारलं.

"अस्सल आहे म्हणते."

"मंग जेवून घ्या," ती म्हणाली. "सकाळी मले पहिली बस पकडा लागते. वर्तुळाचा अख्खा धडा बाकी हाय."