शोककळा कुणाच्या वाट्याची?

सुधाकर गेल्याचं मला पेपरातून कळलं, आणि तेही आम्ही दोघं जिथं राबलो त्याच पेपरातून. ‘ज्येष्ठ पत्रकाराचे निधन, लातूर शहरावर शोककळा.’ वाचून आधी हसू आलं, मग रडू... ज्या शब्दापायी त्याला टेबलावरून उठवलं, तोच शब्द त्याच्या मयताला चिकटवण्याइतकी निगरगट्ट माणसं तिथं अजून बसलेली आहेत. नांदेडहून मी लातूरला पोचलो तेव्हा त्याला अजून न्यायचं होतं. शेजारच्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या वाजत होत्या आणि कोपऱ्यावर कुणीतरी लग्नासाठी डीजे लावून बघत होतं. शहर म्हणे शोकात!

आम्ही दोघं नांदेडच्या त्या पेपरात शेजारी बसायचो. तालुक्यांहून आलेल्या बातम्या नीट करणं हे त्याचं काम. आमच्याकडे शोककळा मिठासारखी वापरली जायची. चेअरमनची आई गेली, पसरली शोककळा. उमरीकडच्या एका पुढाऱ्याचा बैल मेला, तरी गावावर शोककळा, आणि वर बैलाचा फोटो! सुधाकर मात्र वार्ताहराला फोन लावून एकच विचारायचा, “मयत उठेपर्यंत चुली पेटल्या का?” आपल्याकडे खरं दुःख असलं की गल्लीत मयत उठेपर्यंत कुणी चूल पेटवत नाही. चुली बंद असतील तर शब्द राहायचा, नाहीतर त्याचं लाल पेन चालायचं. वार्ताहर त्याला वैतागायचे.

एका संध्याकाळी इस्लापूरच्या गंगाधरची बातमी आली, चारच ओळींची. ‘वीटभट्टीवर भिंत पडून महिला ठार.’ तिचं नावसुद्धा नव्हतं. सुधाकरनं फोन लावला.

“न्हाई सर, अख्ख्या वस्तीवर एकबी चूल पेटली न्हाई. लेकरं बी उपाशी हायत.”

“मग तसं लिहिलं का नाहीस?”

“मजुराला बी तसं लिहायचं असतंय का, सर?”

सुधाकरनं पेन उचललं. मग तिचं नाव विचारून घेतलं, चंद्रकलाबाई, आणि मथळा केला, ‘वस्तीवर शोककळा’. त्याच पानावर मालकांच्या जळकोटच्या मामांच्या निधनाची बातमी होती. तालुक्यावर शोककळा वगैरे. तिथल्या वार्ताहरानं खरं सांगून टाकलं, “बाजार भरलाय सर, भजे बी तळून राहिले लोक.” सुधाकरनं मामांची शोककळा कापली.

दुसऱ्या दिवशी मालक सगळ्यांसमोर म्हणाले, “अहो, भट्टीवरची बाई ती! तिच्यावर शोककळा कशाला वाया घालवायची?” वाया! जणू गोडाऊनमधून मोजून काढली होती. सुधाकर म्हणाला, “जिथं होती तिथं दिली.” बस्, एवढंच. त्या दिवसापासून तो छोट्या जाहिरातींच्या टेबलावर. बाकीचे आम्ही माना खाली घालून मालकांच्या मामांचे गुण गात राहिलो. पत्रकारितेचा हा रुबाब!

जाहिरातींना काम फारसं नसायचं. तो जुन्या फायली काढून शोककळा शोधत बसायचा आणि मोठ्यानं वाचायचा. आडतदार गेले की निधन, पुढारी गेले की महानिर्वाण, गवंडी पडला की ठार. “मेल्यावर तरी सारखं व्हावं माणसानं, पण आपण बसलोय ना मधे,” म्हणायचा. मालक केबिनमधून ऐकायचे आणि दार लावून घ्यायचे. निवृत्तीनंतर लातूरला गेला, तरी सकाळी पेपर यायचा आणि लाल पेन खिशातून निघायचं. आम्ही छापून मोकळे व्हायचो, हा घरी बसून कापायचा.

परवा सुधाकरच्या घरी कमलवहिनींकडे जाऊन आलो. त्याच्या खुर्चीवर त्याच्या निधनाच्या बातमीचा तोच पेपर घडी करून ठेवलेला, वर पेन. “त्यांनी कापलंच असतं,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही कापा.”

मी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, “ह्यांना नेलं त्या दिवशी इस्लापूरहून गंगाधरभाऊंचा फोन आला होता. म्हणाले, वहिनी, मला येणं झालं न्हाई, पण सरांना न्हेईपर्यंत घरात चूल पेटवू दिली न्हाई...”

मी ‘लातूर शहरावर’ एवढंच खोडलं. वर लिहिलं, ‘इस्लापूरच्या एका घरावर’. शोककळा राहू दिली.