रिकाम्या खुंट्याचा शेक

करणी-भानामतीच्या गोष्टी सांगणारा माणूस दारात आला की मी त्याला चहा पाजतो अन् वाटेला लावतो. सत्तरी उलटली, शाळा दुसरीपुरती, पण डोकं शाबूत हाये. म्हणून हे लिहायला लई दिवस हात धजला न्हाई...

आमचं गाव शिरड शहापूरच्या अलीकडं, औंढा तालुका. मागच्या हिवाळ्यात कापसाची गाडी घेऊन जवळा बाजारला निघालो होतो. एका टेम्पोनं हूल दिली, गाडी नालीत पलटली. डाव्या अंगाचा बैल, हरण्या, जागीच गेला. त्याच्याखाली माझी नडगी मोडली. नांदेडला सळई घातली, पण हाड जुळेना, मधी फट तशीच. अन् तवापासून पाय गार. मढ्यावानी.

श्रावणात डॉक्टर म्हणाले, नवीन औषध हाये, जेल. थंड असताना पाण्यासारखं पातळ. सुईनं फटीत सोडायचं, अंगाच्या गरमीनं ते आत घट्ट होते अन् त्याच्या आधारानं हाड वाढते. सुई देऊन झाली, मग त्यांनी पायाला हात लावून पाहिला अन् चेहरा उतरला.

"बाबा, पाय असाच गार राहिला तर हे आत धरणार नाही. मग कुबड्या कायमच्या."

मी म्हणलं, मग शेकतो की.

"वरून शेक बिलकुल द्यायचा नाही. तुमच्या कातडीला चटका कळत नाही, भाजून बसाल."

कुबड्या घेऊन मी गावातून जायचा न्हवतो. त्यापरीस खाटंवर पडून मेलेलं बरं. घरी आलो, वाकळा गुंडाळल्या. पाय गार तो गारच.

लगोलग पोळा आला. आदल्या सांजंला आमच्याकडं खांदशेकणी असते — बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावायचं, पळसाचं पान ऊन पाण्यात बुडवून शेक द्यायचा. वर्षभर त्यानं जू वाहिलेलं असते. गोठ्यात आता एकच बैल, बाजूला हरण्याचा खुंटा रिकामा. मी खाटंवरून पोराला, पंडितला, सांगितलं की त्या खुंट्याला बी शेक दे. मेला म्हणून काय त्यानं काम केलं न्हवतं? शेजारचा दत्तराव ओट्यावर बसला होता. म्हणे, म्हातारं आता लाकडाला तूप चारून राहिलं. मी म्हणलं, तुझ्या घरचं हाये काय?

थोड्या वेळानं पंडित आत येऊन म्हणाला, दिला शेक. बरं म्हणलं. पायाचं माझ्या मनात बी न्हवतं, खरं सांगतो.

भाकर मोडली अन्... नडगीवर कुणीतरी ऊन पान दाबलं. बराबर मोडल्या जागी. मग उचललं. मग पुन्हा दाबलं. वाकळ फेकून पाहिलं — पायावर काही न्हाई. पण ज्या पायाला चिमटा कळत न्हवता, त्याला ऊब कळून राहिली होती. मी हाक मारली. बायको मागच्या दारानं आली, हात हळदीनं पिवळे.

"काहून वरडता? पोरानं खुंटा शेकला न्हवता, दत्तरावला लाजला. मीच आत्ता शेकून आले."

त्या सांजंपासून पाय गार पडला न्हाई. पुढं फोटो काढला, फट भरत आलेली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. पडलंच असंल, मी औषधाला नावं ठेवत न्हाई. पण ऊब कुठून आली, विचारलं. म्हणे, रक्त सुरू झालं असेल. त्याच घडीला? त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आज मी बिनकाठीचा चालतो. पण जिवाला सुख न्हाई. औत जुपायची येळ झाली की पाय मला खाटंवर ठरू देत न्हाई, उठवूनच राहतो. बसलो तर नडगीवरची कातडी तेवढ्याच जागी थरथरते, माशी झटकताना गुराची थरथरते तशी. माशी बसलेली नसते. डॉक्टर शिरेचं काही सांगतात. बायको बघते अन् तोंड फिरवते. मला उलगडा न्हाई, अन् कुणी सांगितला तर पटंल असं बी वाटत न्हाई. माणसाला नुसती कातडी अशी हलवता येत न्हाई...

तुमी करून पाहा.