मागचा शाफ्ट काढल्यावर

आमच्या टायरमामाला कुणी विसरभोळा म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आणि तरीही मी गप्प बसतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मला कुणी भला माणूस समजायला नको.

मामा माझा सख्खा कुणी नाही. तो सगळ्यांचाच मामा. चढावरच्या वस्तीत त्याचं घर, खाली पुलाजवळ माझं गॅरेज. मोजणी खात्याची जीप चालवण्यात त्याची उभी हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर पठ्ठ्याने तसलीच एक जुनी फोरव्हील जीप स्वतःसाठी घेतली. टायरमामा हे नाव पडलं ते एका खोडीमुळे. कच्च्या रस्त्यावर फोरव्हील, आणि डांबर लागलं की लिव्हर मागे ओढून फोरव्हील बंद. का, तर डांबरावर चारी चाकं जुंपली की टायर झिजतात. हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. "वीस पावलं असलं तरी डांबर ते डांबर," म्हणायचा. बोलता बोलता त्याचा हात आपोआप त्या लिव्हरवर जायचा, आपण मान खाजवतो तसा.

मामीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दर सोमवारी आणि गुरुवारी शहरातल्या दवाखान्यात नेऊन मशीनवर रक्त शुद्ध करून आणायचं. "कपडे रोज धुतात, मला आठवड्यातून दोनदाच," असं मामी म्हणायची आणि स्वतःच हसायची. एक खेप चुकली तर पाय सुजायचे, दोन चुकल्या तर धाप लागायची. वस्तीपासून पुलापर्यंत चार किलोमीटरचा कच्चा उतार, असला उभा की दुसरी कुठली गाडी तिकडे फिरकत नसे. थोडक्यात, मामीचा जीव त्या जीपवर होता.

एका शुक्रवारी मामा खडखडाट करत माझ्या दारात आला. मागच्या चाकांकडे जोर नेणारा जो लांब शाफ्ट असतो, त्याचा सांधा तुटला होता. इतक्या जुन्या गाडीचा सांधा आमच्याकडे कुठला मिळायला? मागवला, पण यायला आठवडा तरी लागणार होता.

"मिस्त्री, कायपण कर," मामा म्हणाला. "सोमवार माझ्यासाठी थांबणार नाही."

मी मागचा शाफ्टच काढून टाकला. त्यात जगावेगळं काही नाही, अडचणीला सगळेच करतात. मी त्याला नीट समजावलं. "मामा, आता जोर फक्त पुढच्या चाकांना. लिव्हर फोरव्हीलमध्ये टाकून ठेवा. बाहेर काढलीत तर इंजिन नुसतं बोंबलेल, गाडी जागची हलणार नाही. आणि चढाला रिव्हर्समध्ये जा. सरळ गेलात तर पुढची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरतील."

बोललो ते सगळं बरोबर होतं. जे बोललो नाही ते पुढे येईलच.

सोमवारी मामाने खरोखरच चार किलोमीटर उलटी गाडी चढवली. मान वळवून वळवून अवघडली. मामी शेजारी बसून समोरची दरी, नदी, पूल, माझ्या गॅरेजचा पत्रा, सगळं लांब लांब जाताना बघत होती. नंतर मला म्हणाली, "चाळीस वर्षं झाली लग्नाला, ह्यांनी आत्ता कुठे मला देखावा दाखवला."

गुरुवारी परत येताना मामीच्या पायात गोळे आले होते. मशीनवरून उठल्यावर कधीकधी यायचे. मामा घाईत होता. उलटी गाडी चढवत घरापर्यंत आला. घरापुढे मेलं वीस पावलांचं डांबर आहे, नवंकोरं, वस्तीवाल्यांनी अर्ज करकरून मिळवलेलं. तिथे जराशी सपाटी आहे. गाडी थांबली, मामाने हँडब्रेक ओढला, मामीला उचलून आत नेलं, पलंगावर ठेवलं आणि तिचे पाय चोळायला बसला. पाच मिनिटं झाली असतील. बाहेर काहीतरी करकरलं, मग धडधडलं. तो दारात येईपर्यंत जीप घळीत गेली होती.

निरोप आला तसा मी धावत वर गेलो. दोर धरून घळीत सगळ्यात आधी मी उतरलो. जीप कुशीवर पडली होती. मी आत डोकावलो. हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढलेला होता. आणि शेजारची लिव्हर मागे होती. डांबर लागलं होतं ना, हाताने आपलं काम केलं होतं.

त्या जीपचा हँडब्रेक चाकांना धरत नाही. तो धरतो मागच्या शाफ्टला, आणि तो शाफ्ट मी काढून गॅरेजच्या कोपऱ्यात उभा केला होता. लिव्हर फोरव्हीलमध्ये असती तर पुढच्या चाकांनी तरी गाडी धरली असती. ती काढली की हँडब्रेक ओढा नाहीतर नका ओढू, गिअरमध्ये ठेवा नाहीतर नका ठेवू, गाडी मोकळी. तरी सपाटीवर पाच मिनिटं उभी राहिली हेच नवल. मामाने आयुष्यभर गाडी चालवली, पण खाली शिरून पाना कधी धरला नाही. त्याला कुठून कळणार? आमच्या धंद्यात हे इतकं सगळ्यांना माहीत असतं की कुणी कुणाला सांगतच नाही. मीही नाही सांगितलं. चाकाखाली दगड लावा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

वर आलो तेव्हा लोक जमले होते. शेजारी म्हणाला, "हँडब्रेक ओढायचा राहिला असेल. घाईत राहतं."

"ओढला होता," मामा म्हणाला. "मी ओढला होता." मग माझ्याकडे वळला. "मिस्त्री, तू बघितलास ना?"

"गाडी पार चेपलीय मामा," मी म्हणालो. "काही कळत नाही."

पुढे खुर्चीला दोन दांडे बांधून चार-चार जण मामीला पुलापर्यंत नेऊ लागले. मीही खांदा द्यायचो. तीन आठवडे निभलं. मग कुणाची कंबर धरली, कुणाला कामावर सुट्टी मिळेना. एकदा पाय घसरून खुर्ची कलंडली आणि मामीचा हात मोडता मोडता राहिला. एक खेप चुकली. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर मामी उठेचना.

"पुरे झालं," म्हणाली. "माणसाने लोकांच्या खांद्यावरून एकदाच जावं. मी मेली सवयच लावून घेतली."

मामाने तिच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ऐकली नाही.

शेवटी भेटायला गेलो तेव्हा मामा पाणी आणायला गेला होता. मामीला धड बोलवत नव्हतं. तिने मला जवळ बोलावलं. "ह्यांना सांग, मनाला लावून घेऊ नका. विसरतो माणूस. माझा काही राग नाही."

मामा विसरला नव्हता हो मामी, हँडब्रेक ओढला होता, असं काहीतरी तोंडात जुळत होतं. "सांगतो," एवढंच म्हणालो. पाचव्या दिवशी मामी गेली.

सांधा जीप पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आला होता. मी तो शाफ्टला बसवला, वंगण घातलं. कशासाठी, माझं मलाच कळलं नाही. शाफ्ट अजून कोपऱ्यात आहे. त्याच्याच शेजारी पालथ्या डब्यावर मामा दिवसभर बसतो. गाडी आली की उठतो, आत हात घालून हँडब्रेक ओढून बघतो. गिऱ्हाईकं हसतात. मी हसणाऱ्यांना खेकसतो, त्याने काय होतंय?

काल मला म्हणाला, "मिस्त्री, एक सांगू? तो ओढताना कटकट वाजतो ना, ते माझ्या हाताला अजून आठवतं." मग म्हणाला, "पण नसेल ओढला. सगळेच म्हणतात. तीसुद्धा तेच म्हणत होती."

मी पाना पुसत होतो. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"होतं मामा घाईत," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. बाहेर पुलाच्या उतारावर एक ट्रक येऊन थांबला होता. गुडघ्यावर हात टेकून मामा उठला आणि त्याचा हँडब्रेक बघायला गेला.