सोळा किलोची सॅक

इथे लोक जे अनुभव लिहितात ते मी चहाबरोबर वाचायचो, आणि बायकोला वाचून दाखवत हसायचो. भूत, करणी, चकवा — यातलं काही मी मानत नव्हतो. माझा विश्वास एकाच गोष्टीवर होता, वजनकाट्यावर. काटा सांगेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. आणि नेमक्या काट्यानेच मला तोंडघशी पाडलं, म्हणून आज लिहायला बसलोय. पटलं तर पाहा, नाही पटलं तर हसा... मी रागावणार नाही.

गोष्ट २०००च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमधली. मी अमिरातीत, फुजैराजवळच्या एका खडीच्या खाणीवर वजनकाट्याच्या केबिनमध्ये होतो. रिकामा ट्रक आत जाताना वजन, भरून बाहेर जाताना वजन, आणि मधला फरक म्हणजे माल. दिवसभर हेच. गावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बायको सुनंदा, आणि पाचवीतली केतकी. बारा वर्षं एसीत खुर्चीवर बसून माझं पोट असं सुटलं होतं की बुटाची नाडी बांधायला श्वास रोखावा लागायचा.

आमच्या मालकाला, म्हणजे अरबाबला, शिकारीचा भारी शौक. एकदा जेवताना मी फुशारकी मारली — मी पोलादपूरचा, डोंगर म्हणजे आमचं अंगण, लहानपणी मामाबरोबर रानडुकराच्या हाक्याला जायचो. हाक्याला मी दोनदाच गेलो होतो, त्यातही एकदा झाडावर चढून बसलो होतो, हे सांगितलं नाही. अरबाब एकदम खूश.

"कदम, फेब्रुवारी में मैं ताजिकिस्तान जाता है. पहाडी बकरा. तुम भी चलो, मेरा कॅमेरा तुम पकडेगा."

"जी अरबाब, क्यूं नहीं?"

"पर उधर ऊंचाई बहोत है. सोला किलो पीठ पे, सामने वाला पहाड, एक घंटे में, बिना बैठे. जनवरी में मैं खुद देखेगा. यल्ला, शुरू करो!"

आणि स्वतःची एक कोरी सॅक, काम झालं की परत करायच्या बोलीवर, त्याने माझ्याकडे फेकली. बोलाफुलाला गाठ पडली ती अशी.

बरोबर यायला क्रशरवरचा फोरमन दत्ताराम तयार झाला. खेडकडचा काटक माणूस, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, पण डोंगरावर शेळीसारखा चढायचा. दर शुक्रवारी सुट्टी. सकाळी सहाला खाणीमागच्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावायची, पाठीला बाम चोळायचा आणि चढायला लागायचं. पहिल्या शुक्रवारी मी अर्ध्यावरच आडवा झालो. दत्ता म्हणाला, "भाऊ, बकरा राहू द्या, तुम्हालाच उचलून आणावं लागेल ताजिकिस्तानातनं." दुसऱ्या शुक्रवारी धापा टाकत का होईना, वर पोचलो.

आता सोळा किलो वजन भरायचं कशाने? खाणीवर दगडांचा डोंगर पडलेला, पण आमच्या गेटचा नियम असा की पासशिवाय मुठीएवढी खडीसुद्धा बाहेर जायची नाही. तो नियम राबवणारा मीच. मग मीच कंपनीचा दगड कसा नेऊ? शिवाय क्रशरचा दगड धारदार, पाठीला टोचतो. डोंगराच्या सोंडेवर जुने, गोल रचलेले दगडांचे कमरेएवढे ढीग होते. कुणी, कधी रचले, देव जाणे. त्यातल्या एकावरून मी चपटे, गुळगुळीत सात दगड उचलले. दत्ता म्हणाला, "रचलेलं कशाला मोडता? सुटा दगड बघा की." मी म्हटलं, "सुट्याला असं माप कुठे?"

घरी येऊन दगडांवर, उचलले त्याच क्रमाने, मार्करने आकडे घातले, एक ते सात. सवयच ती. सॅकसकट वजन केलं... सोळा किलो, वर एक ग्रॅम नाही. एवढं तंतोतंत बसल्याचा मला केवढा आनंद झाला होता!

बाथरूमच्या डिजिटल काट्यावर दर शुक्रवारी चढून आल्यावर मी सॅकचं वजन करून केबिनमधल्या रद्द स्लिपांच्या पाठीवर लिहायचो. केतकीला त्याची गंमत वाटायची. "पप्पा, राइट माइन ऑल्सो!" म्हणून तीही काट्यावर उभी राहायची. पहिल्या दिवशी ती भरली अठ्ठावीस किलो चारशे ग्रॅम.

पुढच्या शुक्रवारी सॅक भरली सोळा चारशे. म्हटलं, घाम शोषला असेल. त्याच्या पुढच्या शुक्रवारी सतरा एक. दगड काढून पुसले, सॅक झटकली, उन्हात वाळवली. तरी सतरा एकच. काटा बिघडला म्हणून खाणीच्या लॅबमधल्या काट्यावर सॅक ठेवली. तिथेही सतरा एक. रमजानात ड्यूटी कमी होती, म्हणून मधल्या वारीही जाऊ लागलो, आणि प्रत्येक चढाईला सॅक वाढत गेली. माझं पोट मात्र उतरलं, दम वाढला. त्या खुशीत मी फार विचार केला नाही. खोटं कशाला बोलू, काटा चुकतोय हे मानणं मला जड जात होतं, म्हणून मी तो विषयच टाळला.

तिकडे घरात वेगळंच चाललं होतं. सुनंदा म्हणाली, "अहो, ही तुम्ही गेलात की जी झोपते, ती तुम्ही येईपर्यंत उठत नाही. हलवलं तरी नाही. अंग गार लागतं." मी म्हटलं, सुट्टीचा दिवस आहे, झोपू दे. मग तिचे गाल बसायला लागले. गणवेशाचा स्कर्ट पिनेने आवळावा लागू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, जंताचं औषध दिलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. जेवत तर व्यवस्थित होती.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी उतरताना माझा पाय सटकला आणि मी डाव्या अंगावर आपटलो. मला खरचटलंही नाही, सगळा मार सॅकने खाल्ला. दत्ताने घड्याळ पाहिलं, साडेआठ झाले होते. "खलास भाऊ, आज पुरे," म्हणाला.

घरी आलो तर सुनंदा रडत होती. केतकी झोपेतून किंचाळून उठली होती, साडेआठच्या सुमारास. डाव्या खांद्यावर तळहाताएवढा काळानिळा डाग. मी जवळ गेलो तशी ती मागे सरकली.

"यू ड्रॉप्ड मी, पप्पा."

"कुठे गं बाळा?"

"ऑन द माउंटन. मी बॅगेत होते ना. खूप अंधार असतो. आणि तुमच्या पाठीला त्या बामचा वास येतो."

बाम मी पायथ्याशी लावायचो आणि घरी येण्याआधी खाणीच्या नळावर पाठ धुवायचो, कारण सुनंदाला त्या वासाने डोकं दुखतं. बाटली गाडीत असायची. मी तो लावतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मी स्लिपा काढल्या आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले. सॅक सोळा, केतकी अठ्ठावीस चारशे. सॅक सोळा चारशे, केतकी अठ्ठावीस. सॅक एकोणीस दोनशे, केतकी पंचवीस दोनशे... प्रत्येक ओळीची बेरीज चव्वेचाळीस चारशे. एका ठिकाणी चूक होऊ शकते, दोन ठिकाणी होऊ शकते. अकराच्या अकरा ओळींत? जे इकडून कमी होत होतं तेच तिकडे भरलं जात होतं, आणि ते वाहून नेणारा मी होतो. तिचा बाप.

दगड फेकून द्यायचे ठरवलं. सॅकमधून एक काढून जिना उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो नसेन तोच वरून केतकीची किंकाळी आली, "आई, मला ओढतायत!" मी धावत वर आलो आणि दगड परत सॅकमध्ये ठेवला. ती गप्प झाली. पण त्यानंतर तिने डोळे उघडलेच नाहीत.

शनिवारी सकाळी हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. सलाइन लावलं. डॉक्टर एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते. नर्सने चार्टवर वजन लिहिलं, तेवीस नऊशे. मी तसाच खाणीवर गेलो आणि लॅबच्या काट्यावर सॅक ठेवली. वीस पाचशे. बेरीज करायची गरजच नव्हती.

त्याच वेळी अरबाब लॅबमध्ये आला. सॅकचं तोंड उघडं होतं. वरचा दगड पाहून त्याचा चेहरा उतरला.

"ये किधर से लाया?"

मी सोंडेकडे बोट दाखवलं.

"उधर से कोई नहीं लेता. मेरा दादा भी नहीं लेता था." का, ते त्याने सांगितलं नाही. कदाचित त्यालाही माहीत नसावं. "अभी जाओ. जैसा था, वैसा वापस रखो. और कदम... जो लाया, वोही उठाएगा. दूसरा हाथ नहीं लगाएगा."

सकाळचे दहा, लख्ख ऊन. दत्ता बरोबर आला, पण चार हात दूर. मी सॅक पाठीवर घेतली आणि पहिल्याच पावलाला कळलं, हे वीस किलो नाहीत. काटा काहीही म्हणो. अर्ध्या चढावर मानेवर श्वास लागायला लागला. गरम, लहान मुलाला ताप असताना लागतो तसा. नंतर एकाचे दोन झाले, दोनाचे कितीतरी. मागे वळून बघायची छाती झाली नाही. खाली ठेवायचं नाही, बसायचं नाही, पडायचं तर अजिबात नाही... एवढंच डोक्यात. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. आणि आई शपथ सांगतो, ते तीन महिने घाम गाळला नसता तर मी त्या दिवशी वर पोचलोच नसतो. बकऱ्यासाठी कमावलेला दम पोरीसाठी कामी आला.

ढिगापाशी गुडघ्यांवर बसलो. सात आधी, मग सहा, पाच... काढले होते त्याच्या उलट क्रमाने, आकडे बघून एकेक दगड त्याच्या खाचेत ठेवला. मार्करचे आकडे होते म्हणून जमलं. शेवटी एक नंबर बसला आणि मानेवरचा श्वास थांबला. मी नाक घासून माफी मागितली, मराठीतच. दुसरी भाषा सुचली नाही.

उठलो तर दत्ता ओरडला, "भाऊ, ती सॅक पण टाका तिथंच! कशाला ती पिडा परत नेता?"

खरं म्हणजे मलाही तेच वाटत होतं. सॅक मी ढिगावर ठेवलीही. चार पावलं गेलो. मग सवय आडवी आली. सॅक अरबाबची, परत करायच्या बोलीवर दिलेली. आमच्या गेटवर अशी वस्तू परत आली नाही तर मी लोकांच्या मानगुटीवर बसतो. मागे फिरलो, सॅक पाठीला अडकवली आणि उतारावरून धावत सुटलो. ठेचकाळत, घसरत, कशाचीही पर्वा न करता. गेटमधून बाहेर पडताना वजनबिजन काही केलं नाही. सॅक गाडीत टाकून थेट हॉस्पिटल गाठलं.

केतकी उशीला टेकून बसली होती, इडली खात. सुनंदा हसत होती आणि रडत होती. नर्सने पुन्हा वजन घेतलं, अठ्ठावीस चारशे. तिने काट्यालाच दोष दिला आणि सकाळचा आकडा खोडला. पोरीला मिठीत घेऊन तसाच बसून राहिलो.

थोड्या वेळाने ती माझ्या कानाशी म्हणाली, "पप्पा, व्हाय डिड यू रन कमिंग डाउन? आय थॉट आय विल फॉल."

मी म्हटलं, "उतरताना? बाळा, सॅक तर तेव्हा रिकामी होती."

"हो ना. जाताना इतकी गर्दी होती! मग वर सगळे उतरले. वन बाय वन. मी एकटीच राहिले. दे वेअर कॉलिंग मी ऑल्सो." घास गिळून ती पुढे म्हणाली, "तुम्ही मला ठेवून चालले होतात ना? आय शाउटेड. मग तुम्ही परत आलात."

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मी परत फिरलो होतो ते दुसऱ्याची सॅक होती म्हणून. त्या दिवशी ती माझी स्वतःची असती तर...? हा प्रश्न मी आजवर सुनंदालाही सांगितलेला नाही.

शिकारीला मी गेलो नाही, अरबाबनेही पुन्हा विषय काढला नाही. सॅक द्यायला गेलो तर हात मागे घेऊन म्हणाला, "तुम्हारे पास रखो." केतकी आता सोळा वर्षांची आहे, यातलं तिला काही आठवत नाही. सॅक आमच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, रिकामी. टाकून द्यायची कुणाची हिंमत होत नाही. जन्मभर जगाची वजनं केली, पण तिचं वजन मी त्यानंतर कधीच केलेलं नाही.